झोपाळ्यावरचा पाब्लो

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय सुन्या,

तुझा मीम पोचला. झोपाळ्यावर एकटाच बसलेला मिशीवाला, मग तोच पोहण्याच्या तलावाच्या काठावर हात लोंबते सोडून उभा, आणि खाली तुझी ओळ: 'सात तारीख उलटली, पगाराचा पत्ता नाही.' ठसका लागेस्तोवर हसलो. हिने आतून विचारलं, काय झालं? मला सांगता येईना. सांगणार काय, की कोलंबियातल्या एका खुन्याचं तोंड बघून सुन्याचा पगार आठवला?

फोनवर उत्तर द्यायला बसलो, पण विषय वाढत गेला, म्हणून वही काढली. किती वर्षांनी तुला पत्र लिहितोय. अक्षर लावून घे.

त्याचं असं झालं. गेल्या महिन्यात ताईच्या नातीचं बारसं होतं. आमचा ओंकार (तुझ्या राजदूतच्या टाकीवर बसून फिरायचा तो भाचा) काळा टी-शर्ट घालून आला. त्यावर पाब्लो एस्कोबार, कोलंबियाचा कोकेनवाला डॉन, तुझ्या मीममधला मिशीवाला ज्याचं सोंग घेतो तो. पोलिसांनी काढलेला फोटो, छातीशी नंबराची पाटी, आणि हा गडी असा मनापासून हसतोय की लग्नाच्या आल्बमला उभा राहिलाय म्हणावं. इकडे 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' चाललंय आणि पाळण्याच्या बरोबर वर पाब्लो. आत्याने विचारलं, "कुठला रे हा नट?" ओंकार म्हणाला, "आजी, नट नाही. खरा होता."

आत्याचंही फार चुकलं नव्हतं म्हणा.

तो फोटो सत्तरच्या दशकातल्या अटकेचा. आता त्या काळातल्या एका अटकेची पुढची गोष्ट ऐक, ती टी-शर्टवर येत नाही. 1976 मध्ये पाब्लो कोकेनसकट पकडला गेला होता. प्रकरण दाबलं गेलं, लोक विसरले, आणि 1982 मध्ये हा माणूस चक्क कोलंबियाच्या संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून गेला. गरिबांना घरं बांधून देणारा, पोरांना खेळायला मैदानं करून देणारा दाता अशी ख्याती. आपल्याकडच्या चौकाचौकांतले फ्लेक्सवरचे दादा आठव, चित्र पुरं होईल. बोगोटातल्या 'एल एस्पेक्तादोर' या वर्तमानपत्राचे संपादक गियेर्मो कानो यांना मात्र वाटलं, हे तोंड आपण आधी कुठेतरी छापलंय. त्यांनी जुने अंक उपसले, 1976 ची बातमी सापडली, आणि ऑगस्ट 1983 मध्ये ती पुन्हा छापली. मेदेयीन या पाब्लोच्या शहरात त्याच्या माणसांनी अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेऊन गायब केले. उपयोग झाला नाही, साहेबांचं राजकारण तिथेच आटोपलं. 17 डिसेंबर 1986 ला संध्याकाळी कानो कचेरीतून घरी निघाले आणि मोटरसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

म्हणजे बघ, जुनी अटक लोकांना आठवून दिली म्हणून एक संपादक जिवानिशी गेला. आणि अटकेतला फोटो आज रस्त्यावर अडीचशेला मिळतो. दोन घेतले तर चारशे.

हे सगळं मी ओंकारला जेवणानंतर सांगितलं. पानाला चुना लावता लावता त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "मामा, भारी आहे. ह्याच्यावर सिरीज पाहिजे."

आहे की, म्हटलं. पण ती तू बघितली नाहीस. आपण सगळ्यांनी बघितली ती 'नार्कोस', 2015 ची. मी लॉकडाउनमध्ये बघितली, रात्रीचे तीन-तीन वाजवून. त्यातला पाब्लो, म्हणजे तुझा झोपाळेवाला, वाग्नर मोउरा हा ब्राझीलचा. मातृभाषा पोर्तुगीज. भूमिकेसाठी मेदेयीनला जाऊन राहिला, स्पॅनिश शिकला, वजन वाढवलं. तरी त्याचे उच्चार ऐकून कोलंबियातले लोक हसले. बंगाली नटाने सांगलीचा पैलवान रंगवावा आणि नेमका 'काय करायलास?' वर अडखळावं, तसलं काहीतरी झालं असणार. आपल्याला सबटायटलमधून ते कळायचं कारण नव्हतं. माणूस मात्र जबरदस्त नट आहे, तिथे दुमत नाही. गोष्ट सांगतो तो अमेरिकी अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी. म्हणजे नायक अमेरिकी, खलनायक ब्राझीलचा, आणि कोलंबियाच्या वाट्याला मुख्यतः मरण्याचं काम.

झोपाळ्याचा तो प्रसंग दुसऱ्या सीझनमधला. बायकोपोरं जवळ नाहीत, माणसं गळत चाललीत, आणि हा लपून दिवस काढतोय. सुन्या, मला वाईट वाटलं रे. खरंच वाटलं. पहिल्या सीझनमध्ये पाब्लोने आव्यांका या कंपनीचं प्रवासी विमान उडवण्याचा भाग आहे. 27 नोव्हेंबर 1989. विमानातले 107 आणि खाली जमिनीवरचे तीन, असे 110 जण गेले. ज्याला मारायचं होतं तो राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार गाविरिया विमानात चढलाच नव्हता. तो भाग चालू असताना मी चहा ठेवायला उठलो होतो. झोपाळ्याच्या वेळी मात्र जागचा हललो नाही. ह्यात मोउराची चूक नाही. आधण टाकायला मी उठलो होतो.

आता दुसरी मालिका. 'पाब्लो एस्कोबार, एल पात्रोन देल माल', म्हणजे पापाचा मालक म्हण हवं तर. 2012, कोलंबियाच्याच काराकोल वाहिनीची. काढली कुणी? कामिलो कानो आणि हुआना उरीबे. कामिलो हा त्याच संपादकांचा मुलगा. हुआनाच्या आईला, मारुहा पाचोनला, पाब्लोच्या माणसांनी 1990 मध्ये पळवून नेऊन सहा महिने डांबलं होतं. तिच्या मावशीचा नवरा लुईस कार्लोस गालान राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता, त्याला 1989 मध्ये भर सभेत गोळ्या घातल्या. म्हणजे ज्यांच्या घरातून तिरड्या उठल्या, त्यांनीच कॅमेरा लावला. आणि एक गंमत बघ (गंमत कसली म्हणा): ह्या मालिकेत मेलेल्यांची नावं खरी ठेवली आहेत आणि बऱ्याच गुंडांची बदलली आहेत. मला हे फार आवडलं. आपल्या मुंबईच्या टोळ्यांवरचे सिनेमे आठव. भाईचं नाव जेमतेम एखादं अक्षर फिरवून येतं, म्हणजे पोराटोरांनाही कळावं, आणि मरणारा असतो नुसता 'व्यापारी' नाहीतर 'हवालदार'.

पण खरं सांगायचं तर ह्या मालिकेलाही पुरतं साधलं नाही. आंद्रेस पार्राने पाब्लो असा उभा केलाय की तो पडद्यावर नसला की आपण तो कधी येतो ह्याची वाट बघतो. गालानचा नट बिचारा भाषणं करत राहतो. सज्जन माणूस भाषणात अडकला की तुझ्यामाझ्यासारख्यांचा हात फॉरवर्डच्या बटणाकडे जातो. त्याला कानोंचा मुलगा तरी काय करणार?

बाकीचे सिनेमे सोडून दे. बेनिसियो देल तोरो झाला, हावियेर बार्देम झाला, प्रत्येक मोठ्या नटाला एकदा ते पोट आणि ती मिशी लावून बघायची हौस. चित्रकार बोतेरो मात्र सोडता येत नाही. तो मेदेयीनचाच, पाब्लोच्या गावचा. 1999 मध्ये त्याने पाब्लोचं मरण रंगवलं. त्याची सगळीच माणसं फुगीर, त्यामुळे हाही. कौलांवर मावत नाही एवढा मोठा, अंगाभोवती गोळ्या गांधीलमाश्यांसारख्या. मी छापील चित्रच बघितलंय, तरी बराच वेळ बघत बसलो होतो. ह्याची हवा गेली की काय उरेल, असं वाटतं. खऱ्या फोटोत, 2 डिसेंबर 1993 च्या, तो चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कौलांवर मरून पडलाय आणि आजूबाजूला पोलिस शिकारीला आल्यासारखे हसतायत. त्यापेक्षा बोतेरोचं चित्र मला जास्त खरं वाटतं.

मेदेयीनकरांना ह्या सगळ्याचा वीट आलाय. पाब्लोची मोनाको नावाची इमारत होती, पर्यटक तिच्यासमोर फोटो काढायचे. फेब्रुवारी 2019 मध्ये महापालिकेने ती सुरुंग लावून पाडली आणि तिथे मेलेल्यांचं स्मारक केलं. आणि इकडे त्याचं नाव ट्रेडमार्क म्हणून मिळावं म्हणून एक कंपनी युरोपात कोर्टात गेली होती! 2024 मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. त्याच्या पाणघोड्यांचं तर तुला माहीतच आहे. त्याने आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयासाठी चार आणले होते, त्यांचे दीडशेच्या वर झाले, आणि 2023 मध्ये त्यातले साठ गुजरातला पाठवायची बोलणी चालली होती. म्हणजे पाब्लो टी-शर्टवरून आलाच होता, बाकीचा जामनगरला उतरायचा होता.

लिहिता लिहिता कोलंबियाचा कादंबरीकार मार्केझ, त्याचं ते पुस्तक शोधत होतो, अपहरणांवरचं, 1996 चं. मारुहा पाचोनचीच हकिगत. त्यात एवढीशी खोली, तिघीजणी, दिवसरात्र चालू टीव्ही आणि कुजबुजीपलीकडे आवाज चढवायला बंदी, एवढंच लक्षात राहिलंय. पाब्लो त्यात बराच काळ दिसतच नाही, नुसती भीती दिसते. ती जागा पुन्हा वाचून तुला नीट लिहावी म्हणून सगळं कपाट काढलं, माळाही बघितला. मग आठवलं. ते तू नेलंयस. बेळगावच्या गाडीत वाचायला म्हणून नेलंस, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आहे, नाही म्हणू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. वहिनींना नमस्कार. पगार झाला की कळव.

तुझा,
मिल्या