आगाफायच्या माळावरील शुक्रवाराबद्दल आभार

आदरणीय मार्गदर्शक बंधूंस आणि आपल्या थोरल्या भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

फ्रेंचमध्ये लिहिलेले माझे छोटे पत्र आपल्याला एव्हाना मिळाले असेल. तरीही हे दुसरे पत्र मराठीत आणि सर्वांसमोर लिहीत आहे, कारण मोरोक्कोतील माराकेशच्या जुन्या शहरात हिंडताना आता अधूनमधून मराठी कानावर पडते, आणि ‘वाळवंटात क्वाड बाइक व पारंपरिक बर्बर भोजन’ ही जाहिरात वाचून दिवस ठरवणाऱ्या आपल्या माणसांना, तसा दिवस नीट पार पडावा म्हणून कोणाला काय काय करावे लागते, हे ठाऊक असावे असे मला वाटते. आपले आणि आपल्या वस्तीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्या भगिनींच्या अंगणात उद्या पन्नास अनोळखी माणसे येऊन उभी राहावीत, अशी माझी इच्छा नाही.

पहिले आभार आदल्या संध्याकाळच्या दूरध्वनीबद्दल. शहरातील ज्या कार्यालयात आम्ही पैसे भरले, तेथे माझ्या आईच्या जेवणाविषयी विचारले असता, ‘काळजी करू नका, वाढताना मांस बाजूला काढून देऊ’ असे हसतमुखाने सांगण्यात आले होते. आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून तिला चाळीसहून अधिक वर्षे झाली आहेत. मांस बाजूला काढलेली थाळी तिच्यापुढे ठेवणे आणि न ठेवणे सारखेच. हे त्या कार्यालयाला समजावणे मी सोडून दिले होते आणि पिशवीत दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती. आपण मात्र संध्याकाळी स्वतःहून विचारपूस केलीत, आईचे वय आणि गुडघे यांची चौकशी केलीत आणि शेवटी जो प्रश्न विचारलात त्याने मी निश्चिंत झाले : ‘रस्साही वेगळा हवा ना?’ दुसरा दिवस शुक्रवारचा होता. मोरोक्कोत शुक्रवारी घरोघरी कुसकुस होतो आणि त्याचे रव्याचे दाणे शिजतात ते खालच्या भांड्यातील रश्शाच्या वाफेवर. रश्शात मांस असेल, तर वर कितीही भाज्या मांडल्या तरी दाण्यादाण्यात मांसाची वाफ मुरलेली असते. ही गोष्ट आम्ही न सांगता आपल्या ध्यानात आली होती.

सकाळी निघताना आपण आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितलीत, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. आगाफाय हा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश नव्हे. माराकेशच्या नैर्ऋत्येला तीस-चाळीस किलोमीटरवर पसरलेला तो दगडगोट्यांचा, उंचसखल, पिवळट तांबूस माळ आहे. चित्रांतून दिसणाऱ्या वाळूच्या लाटा पाहायच्या असतील तर मर्झूगाला जावे लागते, आणि तेथे पोहोचायलाच मोटारीने नऊ-दहा तास लागतात. माझ्या यजमानांचा चेहरा क्षणभर पडला खरा. पण पहिल्या चढावर पोहोचून दक्षिणेकडे पाहिले, तेव्हा अॅटलसची बर्फाने भरलेली रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समोर उभी होती आणि ४१६७ मीटर उंचीचे तुबकाल शिखर त्या गर्दीत कोणते, हे आपण बोट करून दाखवत होतात. त्यानंतर वाळूचे नाव कोणी काढले नाही.

वाहनाविषयी आपण दिलेले धडे येथे नोंदवते, कारण ते पुण्याच्या दुचाकीस्वारांना विशेष उपयोगी आहेत. क्वाडला चार जाड, कमी हवेची चाके असतात, गिअर बदलावा लागत नाही आणि वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने खटका दाबायचा असतो. तासाभरात अंगठ्याचे सांधे बोलू लागतात. मोटारसायकल आपण कलंडवून वळवतो. ही गाडी कलंडत नाही, म्हणून वळणावर गाडी सरळ ठेवून स्वतःचे अंग आतल्या बाजूला झुकवावे लागते. वर्षानुवर्षे बुलेट चालवलेल्या यजमानांना हे उलटे गणित पचायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला, याचे मला वाईट वाटले नाही. तोल जातो आहे असे वाटले तरी पाय जमिनीला टेकवायचा नाही, कारण मागचे चाक त्यावरून जाऊ शकते, ही सूचना आपण सपाटीवर आठाच्या आकड्यात आम्हाला फिरवताना इतक्या वेळा दिलीत, की शेवटी आम्ही ती आपल्या आधी म्हणू लागलो. सर्वांत कच्चा चालक आपल्या लगेच मागे, पक्का चालक शेवटी, आणि मधले अंतर पुढच्याची धूळ खाली बसेल एवढे, ही आपली रचना होती. निळ्या कापडाचा शेश प्रत्येकाच्या डोक्याला आणि नाका-तोंडाभोवती आपण स्वतः गुंडाळून दिलात. मराठवाड्यातील लग्नांत फेटे बांधणारे हात मी पाहिले आहेत. आपल्या हातांना तीच सवय होती.

येथे एका नकाराबद्दलही आभार मानायचे आहेत. आईला यजमानांच्या मागे बसवून न्यावे, असा आमचा बेत होता आणि कार्यालयाने त्याला होकारही दिला होता. आपण गाडीकडे पाहिलेत, ती एकाच माणसासाठी बनवलेली असल्याचे सांगितलेत आणि मागे कोणी बसल्यास चढावर पुढची चाके उचलली जाण्याचा धोका असतो, हे शांतपणे पटवून दिलेत. मग आपल्या चुलतभावाच्या मोटारीतून आईला वस्तीच्या रस्त्याने थेट आपल्या भगिनींकडे पाठवलेत. आम्ही दोन तासांनी पोहोचलो, तोवर तिचा तेथे जम बसला होता, आणि त्या दिवसाचा सर्वांत चांगला भाग तिच्याच वाट्याला आला, असे ती आजही ऐकवते.

आमच्या वाट्याचा जो भाग होता, त्यातील एक गोष्ट मला वेगापेक्षा अधिक आवडली. आगाफायला रिकामी जागा समजून त्यावर वाटेल तशा गाड्या फिरवणारे गट आम्हाला दिसले. आपण मात्र कोरड्या ओढ्यांची पात्रे आणि जुन्या गाडीवाटा सोडल्या नाहीत. पहिल्या पावसानंतर पेरलेल्या जवाचे बोटभर उंचीचे हिरवे पट्टे दगडांतून उगवले होते; दुरून ते गवतच वाटतात. त्यांच्या कडेने जाताना आपण प्रत्येक वेळी वेग कमी केलात, आणि एका मेंढपाळाचा कळप वाट ओलांडू लागला तेव्हा हात वर करून सर्वांना इंजिन बंद करायला लावलेत. सलग अनेक वर्षांच्या अवर्षणाने तेथील पशुपालकांचे काय झाले आहे, हे आपण त्या थांब्यात सांगितलेत. २०१६ च्या तुलनेत देशातील कळप सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले आणि त्या वर्षीच्या बकरी ईदला कुर्बानी देऊ नये, असे आवाहन राजे मोहम्मद सहावे यांना करावे लागले. ज्या माणसाकडे त्यातूनही काही मेंढ्या उरल्या आहेत, त्याची गाभण मेंढी पर्यटकाच्या गाडीच्या आवाजाने उधळू नये, एवढीच आपली अपेक्षा होती. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलांच्या गालिच्यातून जीप घालणाऱ्या आमच्या मंडळींना आपल्या हाताखाली एक दिवस द्यावा, असे मला फार वाटले.

आता भगिनींविषयी. ताई, आपण मराठी वाचू शकणार नाही आणि हे पत्र आपले बंधू फ्रेंचवरून तशलहीत या आपल्या बर्बर भाषेत सांगतील तेव्हा त्यातील निम्मे गळेल, तरीही आईच्या वतीने सविस्तर लिहिते, कारण तिने मला तसे बजावले आहे. आपण रव्याला पाण्याचा हबका देत, तळहाताने गोल गोल फिरवत त्याचे दाणे कसे वळलेत, ते भोकांच्या भांड्यात घालून वाफेवर कसे ठेवलेत, मग परातीत उपसून, तेल-पाणी लावून, हाताने मोकळे करून पुन्हा वाफेवर कसे चढवलेत आणि हे तीनदा कसे केलेत, याचे वर्णन आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावे लागते. मोदकपात्रातील वाफेवर जिचा अर्धा संसार गेला, तिला आपली चूल परकी वाटली नाही. घरच्यांसाठी मटणाचा रस्सा एका चुलीवर आणि आईसाठी फक्त भाज्यांचा रस्सा दुसऱ्या चुलीवर, दोहोंवर वेगळी भांडी, वेगळे डाव, आणि दोन्हीकडे लक्ष ठेवणारी बाई एकच. गाजर, सलगम, कोबी, लाल भोपळा आणि हरभरे तिने ओळखले. केशराचा वास तिला आपण झाकण उघडण्याआधीच आला होता.

आपले बंधू आणि घरातील पुरुष मशिदीतून परतल्यावर सर्वजण गालिच्यावर गोल बसलो. मोठ्या थाळ्यातून प्रत्येकाने आपल्या समोरचाच भाग खायचा, शेजाऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही, हा नियम आम्ही लगेच उचलला. आईसाठी निराळा छोटा थाळा आला तेव्हा ती एकटी पडू नये म्हणून आपल्या सासूबाई आपला घास सोडून तिच्या थाळ्यावर येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत तेथेच भाज्यांचा कुसकुस जेवल्या. हे कोणी त्यांना सुचवले नव्हते. नंतर कुसकुसाबरोबर प्यायला ताक आले. परदेशात जेवणाबरोबर कोणी ताक देईल, ही कल्पनाच आईने केली नव्हती. तिने पेला दुसऱ्यांदा पुढे केला, आणि जी बाई दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा मागून घेत नाही तिने तो पुढे केला, हे पाहून मला काय वाटले ते येथे लिहीत नाही. जवाची भाकरी, ऑलिव्हचे तेल, आर्गन तेलात बदाम आणि मध वाटून केलेले अमलू, सगळेच उत्तम होते. चहाच्या वेळी पुन्हा आमच्यामुळे काम वाढले. तेथे साखर किटलीतच पडते, तीही सढळ हाताने, आणि आईला मधुमेह आहे. म्हणून पुदिन्याची दुसरी किटली बिनसाखरेची चढली. बिनसाखरेच्या चहाबद्दल आपल्या यजमानांच्या चेहऱ्यावर जी करुणा दिसली, तिच्याबद्दलही आभार.

जेवणानंतरच्या गोष्टीबद्दल लिहावे की नाही, याचा मी विचार केला. भिंतीतील तिरकी भेग आईने आल्याआल्याच पाहिली होती. आपले माहेर अमिझमिझच्या वरच्या अंगाला, डोंगरात. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेचा जो भूकंप झाला, त्यात देशभरात २,९०० हून अधिक माणसे गेली आणि सर्वाधिक हानी आपल्या अल हौझ प्रांताची झाली. आईचे माहेर उमरगा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर लोक गाढ झोपेत असताना, किल्लारीच्या भूकंपाने आमच्या बाजूची गावे उद्ध्वस्त केली. तिच्या गावातही दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद अशीच घरे होती आणि माणसे गेली ती त्या वजनाखाली. हे तिने मराठीत सांगितले, मी माझ्या जुजबी फ्रेंचमध्ये आणि बंधूंनी तशलहीतमध्ये. मग उत्तरे त्याच वाटेने उलट आली. नवीन घर पत्र्याचे बांधले की सिमेंटचे, मदतीचे हप्ते किती लांबले, म्हातारी माणसे जुन्या जागेवरून हलायला तयार झाली का, असे प्रश्न दोघी एकमेकींना विचारत होत्या, आणि बंधूंनो, आपण त्या वेळी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत. परतीच्या वाटेवर ताकेरकुस्तच्या जलाशयाकाठी छायाचित्रांसाठी थांबायचे ठरले होते. तो थांबा आपण रद्द केलात आणि वाचलेला वेळ त्या अंगणाला दिलात, हा निर्णय आपण कोणाला न विचारता घेतलात आणि तो अगदी योग्य होता. एकोणिसशे तीसच्या दशकातील ते धरण आम्हाला पुन्हा कधी पाहता येईल.

निघताना आम्ही वेगळे पैसे देऊ केले, ते आपण घेतले नाहीत. जेवणाचे पैसे शुल्कात आलेले आहेत, असे सांगून, त्यातील किती वाटा शहरातील कार्यालय ठेवते आणि किती घरापर्यंत पोहोचतो, हे मी विचारल्यावर आपण न लपवता सांगितलेत. तेथे जाणाऱ्या मराठी वाचकांनी हाच प्रश्न आगाऊ विचारावा, आणि जेवण कोणाच्या घरी, कोणाच्या हातचे आहे, हेही विचारावे. त्याचे उत्तर तंबूतील गाद्या आणि पोहण्याचा हौद यांच्या वर्णनाने सुरू झाले, तर दुसरीकडे चौकशी करावी.

पैसे नाकारलेत म्हणून आईने दुसरा उपाय शोधला आहे. माझी एक मैत्रीण पुढील महिन्यात माराकेशला येत आहे. तिच्याबरोबर आईने स्वतः भाजून-कुटून केलेला काळा मसाला पाठवला आहे. डब्यावर फ्रेंचमध्ये चिठ्ठी चिकटवली आहे, परंतु येथेही सांगून ठेवते : भाज्यांच्या रश्शात एक लहान चमचा पुरे, तो तेलात आधी घालू नये, करपतो, रस्सा उकळल्यावर घालावा. मटणाच्या रश्श्यात तो अधिक खुलतो, असे आमच्याकडील जाणकार म्हणतात, आणि तसा वापरल्यास आईची काहीही हरकत नाही, असे तिने मला लिहायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
आईसह आलेली पुण्याची एक प्रवासी