मागच्या रांगेत कोण बसणार?

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर "आई, तुला गाडीतलं काय कळतं" असं म्हणून तू विषय संपवलास. राग आला, खोटं कशाला लिहू. जिनं आयुष्यभर शाळेत संवेग आणि ऊर्जा शिकवली तिला तिच्याच मुलानं हे ऐकवावं! पण भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. तुझ्यामागे पोरगा ओरडत होता, इकडे बाबा मधूनमधून काहीतरी सुचवत होते, आणि माझा एक प्रश्न तसाच राहिला. मागच्या रांगेत कोण बसणार?

ते नंतर. आधी अभिनंदन, ते त्या गडबडीत राहूनच गेलं. स्वतःच्या हिमतीवर गाडी घेतोयस. तू ज्यांत अडकलायस त्या दोन्ही गाड्यांची, पाच जणांची क्रॉसओव्हर आणि सात जणांची तीन रांगांची मोठी, माहितीपत्रकं बाबांनी उशाशी ठेवली आहेत. भेटेल त्याला सांगतात, "पोरगा तीन रांगांची घेतोय." ताईला इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणाली, आता डिलिव्हरी घ्यायलाही तुम्हीच जा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना एवढा हुरूप आलेला मी पाहिला नव्हता. म्हणून त्यांच्यासमोर मी यातलं काही बोलत नाही.

तुझं म्हणणं मला समजलंय. दुसरं बाळ येतंय, आम्ही दोघं येऊन-जाऊन असणार, सुटीत ताईची मुलं असतात, सगळ्यांनी एकाच गाडीतून निघायचं. क्रॉसओव्हर, म्हणजे ती साध्या कारपेक्षा जरा उंच गाडी, पाच जणांची, तिच्यात हा गोतावळा मावत नाही. बरोबर आहे. मोठ्या गाडीच्या बाजूनं मीच आणखी सांगते. दोन गाड्यांची टक्कर झाली तर जड गाडीच्या वेगात कमी बदल होतो, म्हणून तिच्या आतल्या माणसांना झटका कमी बसतो. हे न्यूटनचं आहे, सेल्समनचं नाही. शिवाय मागची रांग पाडली की सामानाला जागाच जागा.

पण ते वजन आवरायचं कोणी? आपणच. १५०० किलोची क्रॉसओव्हर आणि २१०० किलोची मोठी गाडी एकाच वेगानं चालली असली, तर मोठीच्या अंगात ४० टक्के जास्त ऊर्जा असते. तिला ब्रेकही मोठे देतात, हे मला ठाऊक आहे. पण समोर पायी चालणारा असेल त्याच्या अंगावर काही मोठं बसवलेलं नसतं. वेगाचं तर त्याहून वाईट. ८० वरून १०० वर गेलास की ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, आणि उंच आसनावरून रस्ता खाली दिसतो, त्यामुळे वेग असतो त्यापेक्षा कमी वाटतो. वळणावर गुरुत्वमध्य उंच. टपावर बॅगा बांधल्यास की आणखी उंच. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असतं, ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून घसरती गाडी सावरतं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात २०१४ पासून ते प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचं आहे, उगाच नाही. तरी तेही घर्षणाच्या मर्यादेतच चालतं. टायर गुळगुळीत झाले असतील तर तो संगणक तरी काय करणार?

झालं, तास घेतला मी. सवय जात नाही बघ. हे सगळं तुला येतं, दहावीला मीच शिकवलं होतं आणि तू पैकीच्या पैकी मिळवलेस. माफ कर.

आता खरं ते सांगते. गेल्या आठवड्यात मी आणि ताई शोरूममध्ये जाऊन आलो, तुला न सांगता. ताई पुढे बसून स्क्रीन बघत होती. मी मधलं आसन दुमडून तिसऱ्या रांगेत शिरले. शिरले म्हणजे काय, आधी एक पाय, मग डोकं वाकवून दुसरा पाय. खालची जमीन उंच आणि आसन बुटकं, त्यामुळे गुडघे छातीशी येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. घडीच्या स्टुलावर बसल्यासारखं. "लहान मुलांसाठी अगदी छान आहे," असं तो सेल्समन म्हणाला. मी हात मागे नेऊन बघितलं. माझं डोकं आणि मागची काच यांत जेमतेम वीतभर अंतर.

पुढे बसणाऱ्याच्या समोर अख्खं बॉनेट असतं. धडक बसली की तो भाग चुरगळतो, चुरगळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आतल्या माणसाचा वेग जरा हळू उतरतो. चुरगळणं हेच त्या पत्र्याचं काम. मागच्या रांगेच्या पाठीशी डिकीचं दार, बंपर आणि ती काच, बस्स. क्रॉसओव्हरमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी निदान डिकीची पूर्ण लांबी तरी मिळते. सिग्नलला तू थांबला आहेस आणि मागून कोणी थांबलाच नाही, तर? तू कितीही चांगला चालव, ते तुझ्या हातात नाही. चांगला चालवतोस, त्यात वाद नाही. बाबाही म्हणतात, याच्या शेजारी बसलं की डोळा लागतो.

अपघाताच्या चाचण्या झाल्यात म्हणालास. झाल्यात, मी बघितल्या. आयआयएचएस ही गाड्यांची सुरक्षितता तपासणारी अमेरिकेतली संस्था, तिनं २०२२ साली समोरच्या धडकेच्या एका चाचणीत चालकाच्या मागेही एक पुतळा बसवायला सुरुवात केली. चालकाच्या मागे म्हणजे दुसरी रांग. तुझ्या माहितीपत्रकातले सुरक्षेचे तारे पुढच्या दोन रांगांत बसलेल्यांनी मिळवलेले आहेत.

तुला मामाची ती जुनी गाडी आठवते? मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी होती. तुला तिथेच बसायचं असायचं, उलट्या दिशेनं पळणारा रस्ता बघायला. पट्टे नव्हतेच. एकदा उतारावर गुरं आडवी आली आणि मामानं करकचून ब्रेक मारला. तू बाकावरून निसटून थेट दोन आसनांच्या मधे येऊन पडलास, कपाळ फुटलं नाही एवढंच. तू हसत होतास. "परत कर मामा, परत कर," म्हणालास. मामाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढचा सगळा रस्ता मी तुला मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि तू कुरकुरत होतास की आई, गरम होतंय. तुझा पोरगा दिसायला सूनबाईसारखा असला तरी त्याचं ते खिदळणं तुझंच आहे. परवा फोनवर मागून तोच ओरडत होता ना, "मी शेवटी बसणार, मी शेवटी बसणार"?

तर कोण बसणार, ते जरा मांडून बघू. बाळाची खुर्ची निदान १५ महिन्यांपर्यंत पाठमोरीच, बाळाचं तोंड मागे करून, लावायची, युरोपातल्या नव्या नियमात तसंच आहे. ती मधल्या रांगेत येणार, कारण आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची खुर्ची थेट गाडीला अडकवायचे, हूक बहुतेक तिथेच असतात. एकदा ती आवळून बसवली की बऱ्याच गाड्यांत ते आसन पुढे दुमडत नाही. म्हणजे त्या बाजूनं तिसऱ्या रांगेत जायची वाट बंद. दुसऱ्या बाजूला पोरग्याची बूस्टर सीट, पट्टा नीट बसावा म्हणून त्याला उंच करणारी. मग बाबा तिसऱ्या रांगेत जाणार कुठून, त्या गुडघ्यानं? जाणारच नाहीत. ते मधे, पोरगा मागे. प्रत्येक वेळी हेच होणार आणि कोणी मुद्दाम ठरवणारही नाही. मधे दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यात वाट असलेलं मॉडेल असतं, पण मग सातांचे सहाच उरतात.

वजनाचंही बघ. सात माणसं सरासरी ७० किलोंची धरली तरी ४९० किलो झाले. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, किती भार चालतो आणि टायरमध्ये हवा किती हवी, तो वाच. सामान अजून धरलंच नाहीये. आणि ते ठेवणार कुठे? तिसरी रांग उभी केली की कित्येक मोठ्या गाड्यांची डिकी क्रॉसओव्हरपेक्षाही लहान होते. मग बॅगा चढणार पोराच्या डोक्यामागे, काचेला टेकून. बघ, पुन्हा तिथेच आले.

क्रॉसओव्हरची तळी मी उचलत नाहीये. पाठमोरी खुर्ची तिच्यात लावली की पुढच्या माणसाला आसन इतकं पुढे घ्यावं लागतं की गुडघे डॅशबोर्डला टेकतात. तुझ्या उंचीला ते छळणार. दोन खुर्च्यांच्या मधे तिसरं मोठं माणूस नीट बसतच नाही. म्हणजे तुम्ही चौघं आणि वर मी, अशी मीच चेपून बसणार. इथे ती गाडी सपशेल हरते. पण रोज ती कोण वापरणार आहे? सूनबाई. एकटी, किंवा दोन मुलांना घेऊन. वळायला आणि लावायला सोपी, मागचं दिसतंही जास्त. मोठ्या गाडीत तिसऱ्या रांगेचे हेडरेस्ट उभे केले की आरशात काचेचा तुकडाच उरतो. कॅमेरा असतो म्हणशील. असू दे, तरी रिव्हर्स घेण्याआधी पोरगा कुठे आहे ते डोळ्यांनी बघायला तिला सांग. नको, तू सांगू नकोस, सासूनं निरोप पाठवला असं होईल. तूच बघत जा.

माझ्या मनात असं येतं, की रोजच्यासाठी क्रॉसओव्हर घ्यावी, आणि सगळे जमलो की एखादी मोठी गाडी भाड्यानं करावी, नाहीतर ताईची गाडी आहेच. तू आमच्यासाठी म्हणून दोन जास्तीची आसनं घेतो आहेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. "आई-बाबा आले की जागा हवी," हे तू म्हणालास तेव्हा मी उत्तरच दिलं नाही, एकदम मायलेजवर गेले. काय बोलणार होते?

आणि तरी तुम्ही दोघांनी मोठीच ठरवली, तर घ्या. मी तोंड वाकडं करणार नाही. फक्त एरवी ती रांग पाडलेलीच ठेव. उभी केलीस तर तिथे मोठं माणूस बसू दे, हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला आणून. मागे कोणी असेल तेव्हा सुटं सामान एकही नको. पट्टा प्रत्येकाला, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं असलं तरी. पुन्हा सूचना द्यायला लागले ना मी! शेवटची एक. टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पोरगा, त्याची खुर्ची, एखादी मोठी बॅग, सगळं घेऊन जा. ताईला चालवायला लाव आणि तू स्वतः अर्धा तास शेवटच्या रांगेत बस. उतरल्यावर जे ठरवशील ते मला मान्य.

हे पत्र बाबांना दाखवलेलं नाही. मागच्या रांगेचा विषय त्यांच्यापाशी काढू नकोस. काढलास तर म्हणतील, पोराला मधे बसव, मी जातो मागे. आणि खरंच जाऊन बसतील.

सूनबाईला जपायला सांग. पोरग्याला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. : पडद्यासारख्या उघडणाऱ्या त्या बाजूच्या एअरबॅग असतात, त्या सगळ्याच गाड्यांत तिसऱ्या रांगेपर्यंत येत नाहीत. माहितीपत्रकात नुसतं "कर्टन एअरबॅग" लिहिलंय, कुठपर्यंत ते नाही. त्या सेल्समनला विचार, आणि लेखी माग.