मोरावळा खा, पण पेरू सोडू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो मिळाला. हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं १२ च्या खाली जायला नको, म्हणजे हे फारच कमी आहे गं. आजीला अजून सांगितलेलं नाही. फोनवर म्हणालीस, "फळं होत नाहीत, पण मोरावळा रोज दोन चमचे खाते." बरणी मीच भरून दिली, तेव्हा हे मीच सांगायला हवं.

हिमोग्लोबिन वाढायला लोह लागतं, आणि आवळ्यात ते मुळात फारसं नसतं. डाळी-उसळींतलं, पालेभाजीतलं लोह सहजी अंगी लागत नाही. जोडीला क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. आवळ्याचा उपयोग तो. आणि मोरावळा करताना तेच जातं. आवळ्यांना टोचे मारून तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, मग उकळून ते पाणी ओतून द्यायचं. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्या पाण्याबरोबरच बरंचसं मोरीत जातं. उरलेलं पाकाच्या उष्णतेनं आणि बरणीतल्या महिन्यांनी घटत राहतं.

साखरेचं सांगते. किलोभर आवळ्यांना सव्वा किलो साखर घालते. कमी घातली तर पाक पातळ राहतो, फेस येतो, आंबतो. तुझे दोन मोठे चमचे म्हणजे ४० ग्रॅम धर, त्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर. तेवढ्याच साखरेत अडीच-तीन पेरू येतील! १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर, शिवाय ५ ग्रॅम तंतू. सगळंच साठवणीचं वाया जातं असं नाही. आटवलेल्या हापूसच्या रसातला पिवळेपणा, म्हणजे कॅरोटीन, उष्णतेत बराच टिकतो. पण तुला आत्ता हवं आहे ते क.

म्हणून पेरू जेवणासोबतच खा, मधल्या वेळी नको. चिरून डब्यात ठेवू नकोस, कापल्यावर क जीवनसत्त्व उडत जातं. मिळाला नाही तर वरणावर लिंबू पीळ, आच बंद केल्यावर. जेवणानंतर तासभर चहा नको. डॉक्टरांनी दिलेली गोळी लिंबूपाण्यासोबत घे, दुधासोबत मुळीच नको.

पुन्हा शाळाच घ्यायला लागले, रागावू नकोस. लहानपणी कच्चा आवळा मिठाला लावून खायचीस, वर पाणी प्यायचीस आणि "गोड झालं, गोड झालं" करत घरभर फिरायचीस. तोंड आंबट व्हायचं तुझं, तरी हात पुढेच. ती पोर आता एकटी राहून परीक्षा देते आहे, मला अभिमानच आहे. पण ९.४, मनू.

यंदा आवळे उकळणार नाही, वाफवून स्टीलच्या पातेल्यात करीन. तांब्याचं भांडं क जीवनसत्त्वाला मारक.

दादा शुक्रवारी येतोय. त्याच्याकडे दोन किलो पेरू देते. पिवळे आधी संपव, हिरवे तीन-चार दिवस टिकतील.

तुझी,
आई