शुभे, हा आकडा लिहून ठेव

प्रिय शुभे,

आठ महिने एक ओळ नाही, आधी शिव्या घालून घे आणि मग वाच. तब्येत बरी आहे, पाठ दुखते ती दुखतेच, सोड.

काल ग्रुप मीटिंगमध्ये माझा प्लॉट, म्हणजे डेटाचा आलेख, स्क्रीनवर होता, सगळे छान छान म्हणत होते आणि मी खुर्चीत घामाघूम. आईला सांगितलं तर म्हणेल कौतुक होतंय तर रडतेस कशाला. म्हणून तू.

झालं असं की कॉम्प्रिहेन्सिव्हसाठी (पीएचडीची परीक्षा) सरांनी मूळ पेपर वाचायला लावलेत, पुस्तकातले सारांश नाहीत, ओरिजिनल. मी कुरकुरतच बसले. पण अगं, १९६४ चा क्रोनिन-फिचचा पेपर तीन पानांत संपतो! केऑन नावाच्या कणाचे २२,७०० क्षय, त्यात दोन पायॉनमध्ये (आणखी हलक्या कणांत) फुटणारे ४५, अधिक-उणे ९, आणि तेवढ्यावर सीपी सिमेट्री (कण आणि आरशातला त्याचा प्रतिकण सारखेच वागतात हा नियम) मोडीत. आमच्यात नुसती ऑथर लिस्ट त्याहून लांब असते (२०१५ च्या हिग्जच्या वस्तुमानाच्या पेपरवर ५,१५४ नावं आहेत, त्यात तू नाहीस आणि मीही नाही, काय कामाच्या आपण).

तर त्याच ढिगात १९७० चा लिऑन लेडरमन मंडळींचा पेपर निघाला. अमेरिकेतली ब्रुकहेवनची प्रयोगशाळा, युरेनियमवर प्रोटॉन आपटायचे आणि म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांच्या) जोड्या मोजायच्या. जोडीच्या वस्तुमानाचा ग्राफ घसरत येतो आणि ३ जीईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास घसरायचं विसरतो, खांदा काढून उभा राहतो, मग परत खाली. मी स्क्रीनला पट्टी लावून बघितलं, खरंच आहे. म्यूऑन जाड लोखंडातून धक्के खात यायचे, वस्तुमान नीट लागायचंच नाही, त्यामुळे नव्या कणाच्या सुळक्याचं टेकाड झालं. मग नोव्हेंबर १९७४, त्याच ब्रुकहेवनमध्ये टिंगच्या ग्रुपला ३.१ वर सुईसारखा पीक, तिकडे स्लॅक प्रयोगशाळेत रिक्टरकडेही तोच, एकाने कणाचं नाव 'जे' ठेवलं, दुसऱ्याने 'साय', दोन वर्षांत दोघांना नोबेल. लेडरमनचा खांदा राहिला खांदाच.

आणि १९७६ मध्ये हाच माणूस फर्मीलॅबला ६ जीईव्हीजवळ इव्हेंटचा (नोंदलेल्या टकरींचा) पुंजका बघतो, निव्वळ योगायोग असण्याची शक्यता पन्नासात एकाहून कमी काढतो, अप्सिलॉन असं बारसंही करतो, आणि पुढच्या डेटात पुंजका गायब. लोकांनी नाव ठेवलं ऊप्स-लिऑन. खरा अप्सिलॉन पुढच्या वर्षी ९.५ ला मिळाला, त्यालाच पण. मला हसू आलं आणि मग माझाच प्लॉट आठवला.

माझ्याकडेही एक फुगवटा आहे. आयसोलेशन कट (म्यूऑनभोवती इतर कणांची किती गर्दी चालवून घ्यायची ती मर्यादा) ०.१५ होता तेव्हा दोन सिग्मा (सिग्मा जास्त तितका योगायोग असण्याची शक्यता कमी). बॅकग्राउंड (नको असलेले इव्हेंट) जास्त येतोय म्हणून ०.१० केला, झाले २.८. बॅकग्राउंड येत होता हे खरं गं, पण ते मला प्लॉट बघितल्यावर सुचलं. सिग्नल रीजन (आलेखात नवं काही दिसू शकेल तो भाग) कट ठरेपर्यंत झाकून ठेवायचा नियम आहे आमच्याकडे, हा साइड स्टडी म्हणून कोणी झाकला नव्हता. आणि लॉगबुकात फक्त ०.१० आहे, आधीचा आकडा कुठेच नाही. उलट दीड सिग्मा झाले असते तर मी ०.१० ठेवला असता का? डोंबल.

आता तू हसणार, मला माहितीये. एमएस्सीला तू मिलिकनच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगाच्या आपल्या वहीत तो एक थेंब खोडलास आणि मी तुला लॅबभर चोर म्हणत फिरले, दोन आठवडे अबोला. तू म्हणालीस ती धूळ होती. असेल. अजूनही मला पटलेलं नाही, पण तू निदान एक रेघ मारली होतीस, खालचा आकडा वाचता येत होता.

टिंगच्या पेपरात ग्राफमध्ये दोन सेट काढलेत, एक नेहमीचा आणि एक मॅग्नेटचा करंट १० टक्के कमी करून. पीक जागचा हलला नाही. मीही काल रात्री कट हलवून तसंच करायला गेले, ०.१२ ला २.३, ०.०८ ला १.९. कट आवळला की सिग्नलही जातो म्हणून १.९, हे वकिली उत्तर माझ्याकडे दोन मिनिटांत तयार होतं, त्याचीच जास्त भीती वाटली. तू ७५० जीईव्हीच्या फुगवट्यावर थिअरी रचत होतीस आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो गेला तेव्हा मी किती चिडवलं होतं तुला, तेही आठवलं.

तुझी नवी नोकरी कशी आहे? पिल्लूला दात आले म्हणे, फोटो पाठव. काकूंना नमस्कार, सविस्तर नंतर.

सरांना सोमवारी सांगणार आहे, चिडतील, चिडू देत. पण नवा डेटा दोन महिन्यांनी उघडायचाय, म्हणून एक काम कर. आयसोलेशन ०.१५ च्या खाली, दोन्ही म्यूऑन २५ जीईव्हीच्या वर. तारीख घालून लिहून ठेव. नंतर मी ०.१० म्हणायला लागले, कितीही भारी कारण दिलं, तरी हे पत्र माझ्या तोंडावर मार.

तुझी,
केतकी

ता. क. तो थेंब अकरावा होता की बारावा? वही आहे का अजून?