कोर्सआधीच्या परिचयाबद्दल

कराड
रविवार

चि. शर्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाचन-लेखनाच्या कोर्सआधी लिहून द्यायच्या आणि पहिल्या तासाला वर्गात बोलून दाखवायच्या परिचयाचा तुझा मसुदा मिळाला. शुद्धलेखन ठीक आहे, लांबीही सूचनेप्रमाणे आहे, पण हा परिचय नाही, वधूवर सूचक मंडळात द्यायचा बायोडेटा आहे. जन्मगाव, दहावी-बारावीचे टक्के, नाटाचा (वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर, छंद. टक्के आणि स्कोअर तुझ्या प्रवेशाच्या फाइलला आधीच लागलेले आहेत. वाचन-लेखन शिकवणाऱ्या बाईंना त्यांचा काही उपयोग नाही.

त्यांना पहिल्या तासाआधी काय ठरवायचं असतं ते बघ. वाचायला किती पानी मजकूर द्यायचा, कुठल्या भाषेतून समजावून सांगायचं, लिहायला पहिल्यांदा काय द्यायचं आणि गट कसे पाडायचे. त्यासाठी त्यांना तुझ्याकडून मोजक्या गोष्टी हव्यात: शाळेचं माध्यम, गेल्या वर्षभरात शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं काय, अर्ध्यावर सोडलेलं काय आणि नेमकं कुठे सोडलं, आणि परीक्षेबाहेर कधी काही लिहिलं आहेस का. 'मला वाचनाची आवड आहे' यातून त्यांना काहीच कळत नाही. 'मराठी मी भराभर वाचते. इंग्रजी लेखात तिसऱ्या पानावर अडते, कारण वाक्य संपेपर्यंत त्याचा कर्ता कोण हे विसरलेली असते' यातून मात्र तुला काय शिकवायचं ते त्यांना लगेच समजतं.

मराठी माध्यम लपवू नकोस. तुमच्या वर्गात ते लपवणारे बरेच असतील, आणि दुसऱ्या सत्रात इतिहासाच्या टिपणांत ते आपोआप उघडं पडेल. आज सांगितलंस तर निदान कठीण शब्दांची यादी आधी मिळेल.

आता या कोर्सची गरज काय, हेही परिचयात एका वाक्यात यायला हवं, आणि ते खरं हवं. बी. आर्क.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीच्या, पाच वर्षांत, म्हणजे दहा सत्रांत, चित्रांइतकंच लिहावं लागतं: शीटवरची टीप, साइटचा अभ्यास, केस स्टडी, डिझाईनचा अहवाल, पुढे डिसर्टेशन, शेवटी थीसिसचा अहवाल. नोकरीत गेलीस की स्पेसिफिकेशन (कुठलं काम कसं करायचं याचं लेखी वर्णन) आणि कंत्राटदाराला पत्रं. स्पेसिफिकेशनमध्ये 'चांगल्या प्रतीचा गिलावा' असं लिहिलं की भांडण नक्की. प्रमाण, जाडी, थर किती आणि पाणी किती दिवस मारायचं हे लिहिलं तर भांडायला जागा राहत नाही. यातलं तुला सगळ्यात अवघड काय जातं ते एक निवड. माझ्या मते तुझी अडचण कॉन्सेप्ट नोटची, म्हणजे डिझाईनमागची कल्पना सांगणाऱ्या टिपणाची, आहे. गेल्या सत्रातल्या तुझ्या नोटमध्ये 'स्पेस' सात वेळा आहे आणि एकाही खोलीचं माप नाही.

काही वाक्यं आधीच खोडून टाक. 'लहानपणापासून चित्रकलेची आवड होती.' 'वास्तुकला म्हणजे कला आणि विज्ञानाचा संगम.' 'घर फक्त चार भिंतींचं नसतं.' 'मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे.' यातलं काही खोटं आहे असं नाही. पण चाळीस जणांचा वर्ग, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं बसून ऐकायचं आहे, आणि तुझा रोल नंबर शेवटाकडे आहे. तुझी पाळी येईपर्यंत हे संगम पंधरा वेळा होऊन गेलेले असतील. पाठ केलेलं वाक्य आधी दुसऱ्याच कुणी बोललं की ऐनवेळी बोलायला काही उरत नाही.

मग लिहायचं काय? एक जागा घे, मोज आणि तिच्याबद्दल लिही. तू कशी बघतेस हे त्यातूनच कळतं, विशेषणांतून नाही. प्रसिद्ध इमारत नको, रोज पायाखाली येणारी घे. तुझ्या मसुद्यात एका ओळीत येऊन गेलेला वसतिगृहाचा जिनाच घे.

जिन्यात बघण्यासारखं खूप असतं. दोन मजल्यांमधली उंची ३००० मिलिमीटर असेल आणि मधल्या लँडिंगच्या (जिना वळतो तिथल्या सपाट जागेच्या) वरखाली नऊ-नऊ असे अठरा रायझर, म्हणजे पायरीचे उभे भाग, असतील, तर प्रत्येकी १६७ च्या आसपास यायला हवा. रायझरची दुप्पट अधिक ट्रेड (पाय ठेवायच्या आडव्या भागाची रुंदी), ही बेरीज साधारण ६०० ते ६४० मध्ये बसली की पाय सहज पडतो: १६७ दुणे ३३४, त्यात २८० चा ट्रेड, ६१४. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या इमारतीत रायझर १९० हून जास्त आणि ट्रेड २५० हून कमी चालवून घेत नाही. एवढं ठाऊक असलं की बिघाड शोधता येतो.

बिघाड बहुतेक एकाच ठिकाणी असतो. सेंटरिंगवाला, म्हणजे काँक्रीटसाठी साचा बांधणारा, स्लॅब ते स्लॅब अंतर मोजतो, त्याचे समान भाग पाडतो आणि काँक्रीट ओततो. तोवर अठराच्या अठरा रायझर सारखे असतात. मग फरशीवाला येतो. मजल्यावर बेड (लादीखालचा मसाल्याचा थर) आणि लादी मिळून ७५ मिलिमीटर चढतात, पायऱ्यांवर मात्र कडप्पा आणि मसाला मिळून ३०. खालचा मजला ७५ ने वर आला, त्याच्या पुढची पायरी ३० नेच वर आली. पहिला रायझर ४५ ने कमी झाला, १२२ उरला. वरच्या टोकाला उलटं: शेवटची पायरी ३० ने वर, मजला ७५ ने वर, म्हणून शेवटचा रायझर २१२. मधले सोळा सारखेच राहिले. पायाला सोळा सारख्या पायऱ्यांची सवय लागते आणि शेवटच्या, अठराव्या रायझरला माणूस ठेचकाळतो. दोष काँक्रीटवाल्याचाही नाही, फरशीवाल्याचाही नाही. फिनिशची, म्हणजे काँक्रीटवर चढणाऱ्या लादी-मसाल्याची, जाडी ड्रॉइंगवर आधी लिहिलेली नव्हती. म्हणजे हा लिहिण्यातलाच दोष आहे. तुझ्या कोर्सला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

वरचे आकडे नमुन्याचे आहेत, ते उतरवू नकोस. जाऊन मोज. पाच मीटरचा स्टीलचा टेप पुरे. त्याच्या टोकाची पत्र्याची आकडी किंचित मागेपुढे हलते, तो टेप बिघडलेला नाही: भिंतीला टेकवून आणि कडेला अडकवून घेतलेल्या मापांत आकडीच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. ठोकून घट्ट करू नकोस. प्रत्येक रायझर भिंतीच्या बाजूला मोज, मधे पायरी झिजलेली असते. सगळ्यांची बेरीज कर आणि मग दोन कठड्यांमधल्या फटीतून टेप सरळ खाली सोडून मजला ते मजला एकूण उंची घे. दोन्ही जुळायला हवीत. प्रत्येक मापात २ मिलिमीटर घसरलीस तरी अठरा मापांत ३६ पर्यंत फरक जमतो. तो त्याहून जास्त निघाला तर एखादा रायझर मोजायचा राहिला असेल किंवा दोनदा मोजला गेला असेल. मोजताना वहीत जिन्याचा छोटा सेक्शन (उभा छेद) काढून त्यावरच आकडे टाक. सुटे आकडे संध्याकाळी कशाचे ते आठवत नाहीत.

आता लिहायचं. तुझ्या मसुद्यातलं वाक्य आहे: 'आमच्या वसतिगृहाचा जिना गैरसोयीचा असून त्याच्या रचनेत वापरकर्त्यांचा विचार केलेला दिसत नाही.' तेच असं लिही, आकडे मात्र तुझ्या मापांचे घाल: 'आमच्या वसतिगृहाच्या जिन्यात अठरा रायझर आहेत. सोळा सारखे आहेत. वरचा शेवटचा त्यांच्याहून ४५ मिलिमीटरने उंच आहे, आणि नव्या मुली पहिल्या आठवड्यात तिथेच अडखळतात. जुन्या मुली तिथे न बघता पाय उंच उचलतात.' पहिल्या वाक्यात तुझं मत आहे आणि ते वाचणाऱ्याने निमूट मान्य करायचं आहे. दुसऱ्यात मत कुठेच नाही, तरी ते कळतं. शिवाय तू मोजतेस, माणसं बघतेस आणि कारण शोधतेस, हेही त्याच चार ओळींतून समजतं. निरीक्षणशक्ती चांगली असल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

आवडत्या वास्तुविशारदाचं नाव घालायचंच असेल तर नुसतं नाव नको. चार्ल्स कोरिया आणि बाळकृष्ण दोशी ही नावं निम्मा वर्ग घेईल. कोरियांचं नाव घेणार असशील तर मुंबईच्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगाची ड्रॉइंग उघडून बस. १९८३ ची, २८ मजल्यांची, ३२ घरांची इमारत. मुंबईत वारा आणि समुद्राचा देखावा पश्चिमेकडून, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा हा तोडगा काढला होता. इथे तोच व्हरांडा दोन मजली उंचीची कोपऱ्यातली बाग होऊन वर चढला. हे नुसत्या प्लॅनवरून उमगत नाही, सेक्शन शेजारी ठेवावा लागतो. 'प्लॅन पाहून मला काही कळलं नाही, सेक्शन पाहिल्यावर कळलं' असं एक वाक्य लिहिलंस तर तू ड्रॉइंग वाचतेस हे समजेल, आणि आपल्या शाखेत वाचनाचा निम्मा भाग तोच आहे. हे करायला वेळ नसेल तर नाव गाळ.

भाषेचं म्हणशील तर परिचय इंग्रजीत द्यायचा असला तरी पहिला मसुदा मराठीत उतरव. हाताने, वीस मिनिटांत, न थांबता. तीन-चारशे शब्द होतील. एक रात्र तसाच राहू दे. सकाळी मोठ्याने वाच, जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोड आणि मग इंग्रजीत नव्याने लिही, ओळीला ओळ जुळवत बसू नकोस. एका वाक्यात एकच क्रियापद असलं तरी काही बिघडत नाही. अडीचशे शब्द दोन मिनिटांत म्हणजे मिनिटाला सव्वाशे, हा वेग इंग्रजीत बरा. मराठीत बोलणार असशील तर दोनशेच ठेव, आपले शब्द प्रत्ययांनी लांब होतात.

मशीनकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेऊ नकोस. यात मी नीतिमत्तेचं बोलत नाही, सोयीचं बोलते आहे. हा परिचय म्हणजे तुझ्या लिखाणाचा पहिला नमुना. तो गुळगुळीत करून दिलास तर बाई समजतील की हिला वाक्यरचना येते, आणि तुला त्या गटात टाकतील जिथे ती शिकवतच नाहीत. चुका असू देत. स्पेलिंग तेवढं तपास, कारण ते तपासता येण्यासारखं आहे.

बोलताना फोनमधून वाचायचं नाही. स्क्रीन मधेच काळी पडते, मान खाली जाते आणि मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर सहा-सात शब्द: नाव, गाव, माध्यम, अडलेलं पान, जिना, ४५, कॉन्सेप्ट नोट. नाव आणि गाव सावकाश सांग. आपण स्वतःचं नाव हजारदा उच्चारलेलं असतं म्हणून तेच सगळ्यात भरकन बोलतो आणि ऐकणाऱ्याला तेच नवीन असतं. शेवटी 'थँक यू सो मच फॉर दिस ऑपॉर्च्युनिटी' वगैरे नको. जिन्याचं बोलून झालं की बस.

उरलेल्या अठ्ठ्याहत्तर मिनिटांकडे मात्र तू दुर्लक्ष करशील अशी मला शंका आहे. वहीचं एक पान आडवं धर आणि तीन रकाने पाड: नाव, गाव, आणि त्या मुलाने किंवा मुलीने सांगितलेली एकच ठोस गोष्ट. कुणाचं घर जांभ्याचं आहे, कुणाचे वडील सेंटरिंगची कामं घेतात, कुणाला मोडी येते, कोण बोलीभाषेत लिहितं. जे नुसतं 'मला प्रवासाची आवड आहे' म्हणतील त्यांचा तिसरा रकाना रिकामा ठेव, नंतर विचार.

पुढे जुना वाडा मोजायला जाल तेव्हा हे पान काढ. एका खोलीला तीन माणसं लागतात, दोघं टेप धरायला आणि एक लिहायला. लिहिणारा आकडा मोठ्याने परत म्हणेल असाच निवडायचा, नाहीतर १५ चे ५० होतात. खोलीचे दोन्ही कर्णही घ्यायचे, कारण वाड्याचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. नासाच्या (अमेरिकेच्या नव्हे, तुमच्या वास्तुकला विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या) लुई कान ट्रॉफीच्या स्पर्धेसाठी असंच काम करावं लागतं, आणि तिथे चित्रांसोबत लिहिलेला मजकूरही लागतो. माणसं आधी हेरून ठेवलेली बरी. ज्यांनी परिचयात एक तरी आकडा सांगितला त्यांच्या नावापुढे खूण कर आणि टेप धरायला आधी त्यांना विचार.

टेप उद्या कुरिअरने पाठवते. नवा मसुदा गुरुवारपर्यंत दे, म्हणजे शुक्रवारी वाचून कळवीन.

तुझी,
आई