रोजच्या गोव्याच्या छायाचित्रांनाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर यांचे छायाचित्रणाचे तंत्र जगासाठी खुले करण्यात आले, म्हणून हा दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने समाजमाध्यमांवर गोव्याची जी छायाचित्रे फिरतात, त्यांत किनारा, सूर्यास्त, पर्रा गावचा माडांचा रस्ता आणि पणजीतील फोंतेन्हास वस्तीच्या रंगीत भिंती यांचीच गर्दी असते. ही स्थळे सुंदर आहेतच. परंतु गोव्यात राहणाऱ्या आम्हा हौशी छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यातही पाहुण्यांना दिसणारा तेवढाच गोवा उतरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझा अनुभव असा की, या छंदाचा खरा आनंद ओळखीच्या जागी पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. रायबंदरहून चोडण बेटावर जाणारी फेरीबोट हेच उदाहरण घ्या. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला ती केवळ नदी ओलांडण्याची सोय वाटते. पण सकाळच्या तिरप्या उन्हात फेरीच्या कठड्याला टेकलेली माणसे, मासळीच्या टोपल्या आणि मागे पसरलेली मांडवी एकाच चौकटीत सापडतात, आणि भरती-ओहोटीप्रमाणे तेच दृश्य दर खेपेस वेगळे दिसते. पलीकडे चोडणच्या टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटीच्या वेळी खारफुटीतला चिखल उघडा पडला की बगळे आणि धीवर (खंड्या) पक्षी भक्ष्यासाठी खाली उतरतात, हे एकदा कळले की घड्याळाऐवजी भरतीचे वेळापत्रक पाहून घराबाहेर पडण्याची सवय लागते.

प्रकाशाचे महत्त्व मला सर्वांत अधिक पटले ते रिवणजवळच्या उसगाळीमळ येथे. कुशावती नदीच्या काठावरील जांभ्या कातळावर कोरलेली ती प्रागैतिहासिक चित्रे भर दुपारी जवळजवळ दिसेनाशी होतात, कारण सूर्य डोक्यावर असताना कोरीव रेषांत सावली पडत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात त्याच रेषा सावलीने भरतात आणि बैल, हरिणे व चक्रव्यूहाची आकृती स्पष्ट होते. रेषा उठून दिसाव्यात म्हणून काही जण त्यांवर खडू फिरवतात. हे कृपया कोणीही करू नये. तासभर वाट पाहिल्यास ऊन तेच काम करते आणि कातळाला इजाही होत नाही.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, साधा मोबाइलही पुरतो. ज्यांच्याकडे भिंगांचा कॅमेरा आहे त्यांनी मात्र आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तो कपाटात बंद ठेवू नये, कारण भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि अधूनमधून वापरात आणावा.

माणसांची छायाचित्रे काढताना परवानगी घेणे अत्यावश्यक आहे. जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्याने सूचनापत्रक काढून, समुद्रात पोहणाऱ्या किंवा किनाऱ्यावर पहुडलेल्या व्यक्तींची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत, असे पर्यटकांना बजावले होते. तोच नियम फोंतेन्हासच्या घरांना लागू व्हायला हवा. तिथल्या रहिवाशांच्या दारात आणि पायऱ्यांवर उठसूट चाललेली चित्रीकरणे त्यांना किती त्रासदायक होतात, हे आपल्याच वृत्तपत्रांतून वेळोवेळी वाचनात आले आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी दोन शब्द बोलून, काहीतरी विकत घेऊन मग कॅमेरा काढला की विक्रेत्या बायका स्वतःहून सांगू लागतात, ही हरमलची मिरची, ही खोल्याची, ही मयड्याची केळी. ही नावे मला छायाचित्राइतकीच मोलाची वाटतात, आणि या पत्राचे कारणही तेच आहे.

आपण काढलेली बहुतेक छायाचित्रे निनावी राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा घटतो, आणि त्यात मुळात नोंदलेली तारीख व ठिकाणही निघून जाते. काही वर्षांनी ते कोणत्या गावचे, कोणत्या सणाचे, हे सांगणारे कोणी उरत नाही. खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतील) मानस म्हणजे पाण्याचे दार, उन्हाळ्यात मिठागरांवर रचलेल्या मिठाच्या राशी, सायकलवरून फिरणारा पोदेर (पाववाला), माशेलच्या देवकीकृष्णाच्या प्रांगणात चिखलात खेळला जाणारा चिखलकाला, बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून गप्पा मारणारी वडीलधारी माणसे, ही दृश्ये आज रोजची आहेत म्हणून कोणी टिपत नाही. मिठागरे तर आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहेत.

म्हणून आपणास नम्र विनंती आहे की, आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या छायाचित्रांसाठी एक कोपरा राखून ठेवावा, आणि त्यात गाव, तारीख व दृश्यातील वस्तूंची स्थानिक नावे दिलेली छायाचित्रेच स्वीकारावीत. आरंभ चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून) करता येईल. घराघरांत गणपतीच्या वर बांधल्या जाणाऱ्या माटोळीची, म्हणजे फळे व रानफळे टांगलेल्या चौकटीची, छायाचित्रे मागवावीत आणि तिच्यात बांधलेली कवंडळ, कांगला, आंबाडे, तोरिंग, सुपारीची शिपटी अशी प्रत्येक वस्तू वाचकाने नावासह लिहून पाठवावी. यांतील कितीतरी रानफळे आजची मुले ओळखत नाहीत. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय ती यादी पुरी होणार नाही. निवडक छायाचित्रांच्या छापील प्रती १८३२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने जतन कराव्यात, यासाठी आपण संबंधितांशी बोलावे, अशीही विनंती आहे. माझ्याकडील फेरीची आणि बाजारांची छायाचित्रे, नावे व तारखांसह, मी या उपक्रमासाठी विनामूल्य देण्यास तयार आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक छायाचित्रप्रेमी वाचक, फोंडा