डेव्हिल्स होलचा मासा

लास व्हेगास

प्रिय विन्या,

"इंचभर माशासाठी शेतकऱ्याचं पाणी तोडतात, हा कुठला न्याय?" हा तुझा प्रश्न. फोनवर भांडणच झालं असतं, म्हणून लिहितोय.

इथून गाडीने दोनेक तासांवर ॲश मेडोज आहे. रखरखीत वाळवंट आणि मधूनच झरे. तिथल्या एका टेकडीच्या कपारीत डेव्हिल्स होल. वरून अरुंद भेग, खाली पाणी. पाणबुडे 130 मीटरच्या खाली उतरले, तरी तळ लागला नाही. पाणी बारमाही 33 अंशांच्या आसपास, प्राणवायू बेताचा. तुझा तो इंचभर मासा म्हणजे पपफिश, आणि त्याची ही जात निसर्गात फक्त इथेच सापडते. नर निळसर, पोटाखालचे पर नाहीतच. एवढं खोल पाणी असून संसार सगळा काठाजवळच्या खोलीएवढ्या उथळ कातळावर. शेवाळ खायचं तिथे, अंडी घालायची तिथेच.

1968 पासून शेजारच्या कॅपार्ट कुटुंबाने शेतीसाठी बोअर चालवल्या आणि कातळ उघडा पडू लागला. तिथल्या भिंतीवर 1962 साली बसवलेली तांब्याची वॉशर आहे. पाणी तिच्या किती खाली गेलं ते मोजायचं. सरकारने कॅपार्टांवर भरलेला सगळा खटला त्या मोजमापावर. 1976 साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की 1952 मध्ये जागा राखीव झाली तेव्हाच तिला लागेल तेवढं पाणीही राखीव झालं. कॅपार्टांच्या बोअर नंतरच्या. म्हणजे बाबा, पाणी तोडलं नाही, उपशाला हद्द घातली. मला ते पटतं. लोक मात्र खवळले होते. गाड्यांवर 'पपफिश वाचवा' आणि 'पपफिश मारा' अशी दोन्ही स्टिकरं फिरायची!

कोर्टात जिंकून मासा सुटला असंही नाही. 2013 च्या वसंतात मोजणीत 35 उरले होते. 2024 मध्ये 191 झाले. मग लागोपाठच्या दोन भूकंपांनी पाणी असं हिंदकळलं की कातळावरचं शेवाळ अंड्यांसकट धुऊन गेलं. 2025 च्या वसंतात 38. जवळच्या मत्स्यसंवर्धन केंद्रात हुबेहूब तसाच हौद बांधून मासे वाढवतात, त्यातले काही आणून सोडले.

आम्ही गेलो तेव्हा कुंपणापलीकडून मासा काही दिसला नाही. "हे बघायला आलो?" बायको म्हणाली. 2016 साली दारू पिऊन तिघे आत घुसले होते, एक तर पाण्यातच उतरला. मग कुंपण नको तर काय?

आता तू सांग. शेजाऱ्याच्या बोअरने तुझी विहीर आटली तर दाद कुणाकडे मागतोस? आपला 2009 चा भूजल कायदा आहे, त्याखाली तालुक्यात एक तरी बोअर थांबलेली ऐकलीस? तलाठ्याला विचारून कळव.

तुझा,
बाळ्या